न दिसणारी गळती : स्टीम ट्रॅपची तपासणी आणि निगा

कारखान्यात वाफ दोन ठिकाणी वाया जाते. पहिली जागा सर्वांना दिसते. फ्लँजचे गास्केट गेले किंवा व्हॉल्व्हच्या ग्लँडमधून फुसफुस सुरू झाली की पांढरा लोट वर चढतो, आवाजाने डोके उठते, जवळून जाणाऱ्याला चटका बसतो आणि पाळी संपायच्या आत कोणीतरी फिटरला हाक मारतो. दुसरी जागा पाइपच्या आत असते. तिथे वाफ एका पाइपातून निघते आणि दुसऱ्या पाइपात शिरते. बाहेर थेंब पडत नाही, लोट दिसत नाही. यंत्र नेहमीसारखे तापते, माल नेहमीसारखा निघतो. वाढते ते फक्त इंधनाचे बिल, आणि त्याचे खापर कोळशाच्या प्रतीवर, पावसात भिजलेल्या बगॅसवर किंवा बॉयलर चालवणाऱ्यावर फुटते.

या दुसऱ्या गळतीचे दार म्हणजे स्टीम ट्रॅप. हाताच्या तळव्यात मावेल इतक्या आकारापासून दोघांनी उचलावा लागेल इतक्या आकारापर्यंत तो मिळतो. मध्यम आकाराच्या कारखान्यातही असे शेकडो ट्रॅप असतात आणि त्यांतले बरेचसे यंत्राच्या खाली, गटाराच्या कडेला, इन्सुलेशनच्या आड लपलेले असतात. बॉयलरकडे सरकारचे लक्ष असते. १९२३ च्या कायद्यापासून त्याची ठरावीक मुदतीने तपासणी बंधनकारक आहे, २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा केला तरी ही शिस्त कायम राहिली, आणि महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय पाहते. ट्रॅपसाठी मात्र असा कोणी निरीक्षक दारात येऊन उभा राहत नाही. तो कारखान्याने स्वतःच नेमायचा असतो. तो का नेमावा आणि त्याने काय पाहावे, हे या प्रकरणात समजून घेऊ.

वाफ, पाणी आणि मधला दरवाजा

एक किलो पाणी शून्य अंशापासून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला १०० किलोकॅलरी उष्णता लागते. त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे ५३९ किलोकॅलरी द्याव्या लागतात आणि या सगळ्या काळात तापमान एका अंशानेही वाढत नाही. वाफेत साठलेली ही सुप्त उष्णता हेच वाफेचे खरे भांडवल. वाफ थंड पृष्ठभागाला भेटली की ती पुन्हा पाणी होते आणि हे भांडवल एकदम मोकळे करते. उकडीचे मोदक करणारी गृहिणी झाकणाखाली कापड बांधते, कारण झाकणाला लागलेली वाफ पाणी होऊन मोदकांवर ठिबकेल हे तिला ठाऊक असते. कारखान्यातल्या प्रत्येक ड्रायरमध्ये, प्रत्येक जॅकेटच्या भांड्यात, प्रत्येक हीटरमध्ये हेच ठिबकणे अखंड चालू असते. या पाण्याला कारखान्यात कंडेन्सेट म्हणतात.

कंडेन्सेट जागच्या जागी राहिले तर ते धातूच्या भिंतीवर थर धरते आणि नव्या वाफेला भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही. आणखी साचले तर यंत्राचा तेवढा भाग वाफेऐवजी कोमट पाण्याने भरून जातो. म्हणून ते लगेच बाहेर काढले पाहिजे. पण बाहेर काढायला साधी तोटी उघडी ठेवली, तर पाण्यामागोमाग वाफही निघून जाईल. म्हणजे पाण्याला वाट देणारा आणि वाफेला थोपवणारा दरवाजा हवा, आणि तो दिवसरात्र, कोणी हात न लावता चालला पाहिजे. स्टीम ट्रॅपचे काम ते हेच. त्याच्याकडे तिसरी जबाबदारीही असते, हवा बाहेर घालवण्याची. यंत्र बंद झाल्यावर आतली वाफ आटते आणि त्या जागी बाहेरची हवा शिरते. पुन्हा वाफ सोडताना ही हवा निघाली नाही, तर यंत्र तापायला विनाकारण उशीर होतो.

तीन जातींचे ट्रॅप

पाणी आणि वाफ यांतला फरक ओळखण्याचे तीन मार्ग आहेत आणि त्यांवरून ट्रॅपच्या तीन जाती झाल्या आहेत.

पहिली जात वजनावर चालते. पाणी जड, वाफ हलकी. फ्लोट ट्रॅपमध्ये एक पोकळ गोळा पाण्यावर तरंगतो. पाणी वाढले की गोळा वर जातो आणि दांडीच्या साहाय्याने व्हॉल्व्ह उघडतो, पाणी उतरले की बंद करतो. त्याचा निचरा सलग चालतो, म्हणून हीट एक्स्चेंजरसारख्या यंत्रांना तो मानवतो. गोळ्याच्या वरच्या जागेत हवा घालवणारी वेगळी कॅप्सूल असते. याच जातीतल्या इन्व्हर्टेड बकेट ट्रॅपमध्ये पाण्यात बुडालेली पालथी बादली असते. तिच्यात वाफ शिरली की ती तरंगते आणि दार लावते, वाफ आटली की ती बुडते आणि दार उघडते. हा ट्रॅप दणकट असतो, पण त्याच्या पोटात पाण्याचा साठा असेपर्यंतच त्याचे काम चालते.

दुसरी जात तापमानावर चालते. बॅलन्स्ड प्रेशर ट्रॅपच्या कॅप्सूलमध्ये पाण्यापेक्षा थोडा आधी उकळणारा द्रव असतो. वाफ जवळ आली की तो उकळतो, कॅप्सूल फुगते आणि दार मिटते. बायमेटल ट्रॅपमध्ये वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंच्या जोडपट्ट्या वाकून तेच काम करतात. ही जात कंडेन्सेट थोडे थंड झाल्यावरच सोडते. त्यामुळे त्यातली काही उष्णता वापरली जाते, पण तेवढा वेळ पाणी मागे थांबते. जिथे पाणी थांबून चालत नाही तिथे ही जात बसवू नये.

तिसरी जात वेगावर चालते. थर्मोडायनॅमिक ट्रॅपमध्ये हलणारा भाग एकच, एक चपटी चकती. थंड कंडेन्सेट चकतीला उचलून निघून जाते. वाफेइतके गरम पाणी आले की दाब उतरताच त्याची थोडी वाफ होते, ती चकतीखालून वेगाने धावते, तिथला दाब घटतो, चकतीच्या वरच्या पोकळीत वाफ अडकते आणि चकती खाली बसते. वरची वाफ आटली की चकती पुन्हा उठते. मुख्य स्टीम लाइनच्या निचऱ्यासाठी हा ट्रॅप जागोजागी दिसतो. तो लहान आणि स्वस्त असतो, वॉटर हॅमर म्हणजे पाइपातल्या पाण्याचा तडाखाही सोसतो.

या तिन्ही जाती तपासणाऱ्याला पाठ असायला हव्यात, कारण एका जातीची निरोगी खूण दुसऱ्या जातीत रोगाचे लक्षण असते. चकतीचा ट्रॅप टिक-टिक करत थांबून थांबून चालला तर तो ठीक आहे. फ्लोट ट्रॅप सलग वाहत असेल तर तोही ठीकच आहे.

बंद पडणे आणि उघडे राहणे

ट्रॅप दोन तऱ्हांनी बिघडतो. एकतर तो बंद अवस्थेत अडकतो, नाहीतर उघड्या.

बंद अडकलेला ट्रॅप स्वतःहून बोंब मारतो. यंत्र तापत नाही, कापड ओले निघते, भांड्याला उकळी येत नाही आणि तासाभरात सुपरवायझर धावत येतो. हाच बिघाड मुख्य लाइनवर झाला तर मात्र जिवावर बेततो. लाइनमध्ये वाफ सेकंदाला २५ ते ४० मीटर वेगाने धावत असते. तळाशी साचलेल्या पाण्यावरून ती धावू लागली की पाण्याच्या लाटा उठतात, एखादी लाट पाइप पूर्ण भरते आणि मग तो पाण्याचा गोळा वाफेच्या वेगाने पुढच्या वळणावर किंवा बंद व्हॉल्व्हवर आदळतो. यालाच वॉटर हॅमर म्हणतात.

न्यूयॉर्क शहरात १८८२ पासून रस्त्याखालच्या पाइपांतून इमारतींना वाफ पुरवली जाते. १८ जुलै २००७ रोजी संध्याकाळी ग्रँड सेंट्रल स्थानकाजवळ, लेक्सिंग्टन अव्हेन्यू आणि ४१ व्या रस्त्याच्या नाक्यावर, १९२४ मध्ये टाकलेली अशी एक लाइन फुटली. रस्त्यात मोठा खड्डा पडला, वाफ आणि चिखल यांचा स्तंभ जवळच्या क्रायस्लर इमारतीच्या उंचीला भिडला, एका महिलेचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. तपासात जे कारण पुढे आले ते वाफेवर काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. त्याआधी लाइनच्या एका फ्लँजची गळती बंद करण्यासाठी सीलंट भरले होते. त्यातले जादा सीलंट पाइपच्या आत गेले आणि त्याने तिथले ट्रॅप बुजवले. त्या दिवशी जोराचा पाऊस झाला, जमिनीतल्या पाण्याने पाइप बाहेरून थंड पडला, आत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त कंडेन्सेट तयार झाले आणि त्याला निघायला वाटच नव्हती. पुढचे काम वॉटर हॅमरने केले. दिसणारी गळती बंद करताना न दिसणारा निचरा बंद झाला होता.

उघडा अडकलेला ट्रॅप याच्या उलट वागतो. तो कोणाची तक्रार ओढवून घेत नाही. यंत्रातले पाणी आणि हवा दोन्ही निघून जात असल्याने यंत्र छानच तापते. कामगारांच्या भाषेत ट्रॅप ‘पास होतो’, म्हणजे वाफ न अडवता पुढे सोडतो. हा बिघाड वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो. त्याची किंमत आपण कागदावर मांडू.

७ बार दाबाच्या लाइनवर ३ मिलिमीटर व्यासाचे छिद्र आहे असे धरा. कोणताही अडथळा नसेल तर त्यातून तासाला सुमारे ३० किलो वाफ जाऊ शकते. ट्रॅपच्या आतली वाट वाकडी असते आणि वाफेसोबत थोडे पाणीही असते, म्हणून आपण सावधपणे तासाला २० किलो धरू. कारखाना वर्षाला ३३० दिवस, चोवीस तास चालत असेल तर एका ट्रॅपमधून सुमारे १५८ टन वाफ जाते. किलोला ४,००० किलोकॅलरी उष्णता देणारा कोळसा, ७५ टक्के कार्यक्षमतेचा बॉयलर आणि ८० अंशांचे फीड वॉटर असेल तर एक किलो कोळशातून साधारण पाच किलो वाफ मिळते. म्हणजे ३१-३२ टन कोळसा, तीन ट्रक भरतील एवढा, या एका छिद्रातून गेला. कोळशाचा भाव किलोला ८ रुपये धरला तर वर्षाला अडीच लाख रुपये होतात. आपल्या कारखान्याचा दाब, भाव आणि तास घालून हा हिशेब प्रत्येकाला करता येईल. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते. नव्या ट्रॅपची किंमत काही आठवड्यांत किंवा फार तर काही महिन्यांत वसूल होते.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. पास होणारी वाफ कंडेन्सेटच्या परतीच्या लाइनमध्ये शिरते आणि तिथला दाब वाढवते. ट्रॅपमधून पाणी पुढे ढकलायला दोन्ही बाजूंच्या दाबात फरक लागतो. परतीच्या लाइनचा दाब वाढला की शेजारच्या धडधाकट ट्रॅपचा निचराही मंदावतो. त्यांची यंत्रे पाण्याने भरू लागतात आणि फिटर नेमके चांगले ट्रॅप बदलत बसतो. एका आजाऱ्याचे औषध दुसऱ्याच्या तोंडात जाते.

डोळे, कान आणि थर्मामीटर

चालू ट्रॅप आत काय करतो हे बाहेरून ओळखायचे तीन मार्ग आहेत. प्रत्येकाचे बळ वेगळे आणि मर्यादाही वेगळी.

पहिला मार्ग डोळ्यांचा. ट्रॅपच्या पुढे टेस्ट व्हॉल्व्ह बसवलेला असेल तर परतीची लाइन बंद करून ट्रॅपचा निचरा उघड्यावर पाहता येतो. इथे नवखा माणूस हमखास फसतो, कारण निरोगी ट्रॅपमधूनही वाफ निघताना दिसते. ७ बार दाबाचे कंडेन्सेट १७० अंशांचे असते. ते उघड्यावर येताच १०० अंशांवर उतरते आणि उरलेल्या उष्णतेमुळे त्यातल्या सुमारे १३ टक्के पाण्याची पुन्हा वाफ होते. ही फ्लॅश स्टीम, ती कोणताही ट्रॅप अडवू शकत नाही. फरक बारकाईने पाहिल्यावर कळतो. फ्लॅश स्टीम पाण्यासोबत येते, तोंडापासूनच पांढरी दिसते आणि आळसावल्यासारखी वर पसरते. ट्रॅप थांबून थांबून चालणारा असेल तर दोन निचऱ्यांच्या मध्ये ती जवळपास थांबते. जिवंत वाफ मात्र सुसाट, सलग आणि करकरीत आवाजात येते. नळीच्या तोंडाशी काही सेंटीमीटर काहीच दिसत नाही, क्वचित निळसर छटा दिसते, आणि त्यापुढे पांढरा लोट सुरू होतो. कोरडी वाफ अदृश्य असते, हवेत थंड होऊन तिचे थेंब झाले की मगच ती डोळ्यांना दिसते. त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत बोट गेले तर कातडी सोलून निघते. म्हणून टेस्ट व्हॉल्व्ह उघडताना तोंडासमोर कधीही उभे राहू नये, हातमोजे आणि चष्मा घालावा आणि व्हॉल्व्ह हळूच उघडावा.

दुसरा मार्ग कानाचा. जुने फिटर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक ट्रॅपवर टेकवून मूठ कानाला लावतात आणि बरेच काही सांगतात. अल्ट्रासॉनिक यंत्र हेच काम अधिक खात्रीने करते. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. अरुंद फटीतून जोराने निघणारी वाफ त्याहून वरच्या पट्टीतही आवाज करते. यंत्र तो पकडून आपल्या कानाला ऐकू येईल अशा पट्टीत आणते. कारखान्याचा बराचसा गोंगाट खालच्या पट्टीत असल्याने तो मागे पडतो. चकतीचा ट्रॅप ऐकला तर ‘टक’ करून उघडतो, निचरा होतो, ‘टक’ करून मिटतो आणि शांतता पसरते. ही आवर्तने मिनिटाला थोडीच असतात. ती इतकी जलद झाली की सलग तडतड ऐकू येते, तर चकती झिजलेली असते किंवा ट्रॅप गरजेपेक्षा मोठा असतो. फ्लोट ट्रॅपचा निचरा सलग असल्याने तो ऐकून ठरवणे सर्वांत अवघड. तिथे आधीच्या फेरीची नोंद किंवा त्याच कामावरचा दुसरा ट्रॅप शेजारी ठेवून तुलना करावी लागते. शेजारच्या ट्रॅपचा आवाज पाइपातून चालत येतो, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा मार्ग तापमानाचा. इन्फ्रारेड गन स्वस्त झाल्याने ती आता सगळीकडे दिसते आणि तिच्यावर गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवला जातो. थंड ट्रॅप ती चटकन दाखवते. जिथे १७० अंश असायला हवे तिथे ६० दिसले तर ट्रॅप चोक आहे, पाणी तुंबले आहे किंवा मागचा व्हॉल्व्ह कोणीतरी बंद केला आहे. गळती मात्र ती सहसा दाखवू शकत नाही. कारण साधे आहे. परतीच्या लाइनमध्ये वाफ आणि पाणी एकत्र असतात आणि त्यांचे तापमान तिथल्या दाबावरून ठरते. परतीच्या लाइनला बाहेरच्या हवेइतकाच दाब असेल तर निरोगी ट्रॅपच्या पुढे १०० अंश दिसतील आणि पास होणाऱ्या ट्रॅपच्या पुढेही १००च. शिवाय चकचकीत स्टीलच्या पाइपवर गन तापमान खरे असते त्याहून कमी दाखवते. तिथे मॅट काळ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर मोजावे.

म्हणून तापमानाने थंड ट्रॅप वेगळे काढावेत, आवाजाने संशयित निवडावेत आणि टेस्ट व्हॉल्व्ह असेल तिथे डोळ्यांनी खात्री करावी. तीन पुरावे जुळले की ट्रॅप उघडायचा निर्णय घ्यावा.

सायझिंग मशीनपाशी

हे सगळे एका ठिकाणी पाहायचे असेल तर इचलकरंजी, भिवंडी किंवा मालेगावच्या एखाद्या सायझिंगमध्ये जावे. मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावतात आणि ते सूत वाफेने तापलेल्या फिरत्या सिलिंडरांवरून वाळवत नेतात. वाफ सिलिंडरच्या पोकळ दांड्यातून रोटरी जॉइंटमार्फत आत शिरते. आटलेले पाणी तळाशी जमते आणि सायफन नावाची वाकडी नळी ते तळापासून उचलून मध्यातून बाहेर, ट्रॅपकडे आणते.

इथे एक खास अडचण येते. तळाचे पाणी सायफनच्या तोंडाखाली गेले की नळीत वाफ शिरते. ती वाफ ट्रॅपपर्यंत येते आणि ट्रॅप आपले कर्तव्य करून मिटतो. नळी गरम सिलिंडरच्या आतून जात असल्याने ही अडकलेली वाफ लवकर आटत नाही. तोवर मागे पाणी चढत राहते, सिलिंडर जड होतो, त्याचा पृष्ठभाग थंड पडतो आणि सूत दमट निघते. याला स्टीम लॉक म्हणतात. ट्रॅप चांगला असतो, तरी यंत्र पाण्याने भरते.

मग कामगार काय करतो? तो ट्रॅपच्या बाजूचा बायपास व्हॉल्व्ह दोन फेरे उघडतो. अडकलेली वाफ निघते, पाणी वाहते, सूत कोरडे येते. त्याचा इलाज बरोबर असतो आणि उत्पादन थांबू न दिल्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. पण बायपास तसाच राहतो. दुसऱ्या पाळीला तो उघडा असल्याचे माहीतही नसते आणि आता त्या वाटेने वाफ थेट परतीच्या लाइनमध्ये जाते. अशा सिलिंडरला स्टीम लॉक रिलीजची सोय असलेला फ्लोट ट्रॅप हवा. त्यातला बारीक नीडल व्हॉल्व्ह अडकलेल्या वाफेला अगदी थोडी वाट देतो आणि पाणी ट्रॅपपर्यंत येते. शिवाय प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र ट्रॅप हवा. चार सिलिंडर एकाच ट्रॅपला जोडले तर ज्याच्यात दाब जास्त तोच निचरा करतो आणि बाकीचे तुंबतात. सायझिंगची तपासणी करताना म्हणून आधी बायपासचे व्हॉल्व्ह ऐकावेत आणि मग ट्रॅप.

ट्रॅप का मरतो

ट्रॅप नुसता बदलून काम संपत नाही. तो कशामुळे गेला हे न शोधता नवा बसवला तर तोही त्याच वाटेने जातो.

सर्वांत मोठे कारण कचरा. गंजाचे पापुद्रे, वेल्डिंगची खडी, जोडणीच्या सुताचे किंवा टेफ्लॉन टेपचे तुकडे सीटवर येऊन बसतात आणि दार पूर्ण मिटू देत नाहीत. त्या बारीक फटीतून वाफ वेगाने जात राहिली की ती धातूतच चर पाडते आणि मग सफाई करूनही उपयोग होत नाही. यावर उपाय म्हणजे ट्रॅपच्या आधीचा स्ट्रेनर आणि त्याची ठरलेल्या दिवशी होणारी साफसफाई. नवी लाइन टाकल्यावर ती आधी जोराने ब्लो करून साफ करावी आणि मगच ट्रॅप बसवावेत.

दुसरे कारण चुकीची निवड. एक इंची पाइप आहे म्हणून एक इंची ट्रॅप, अशी निवड सर्रास होते. निवड करायची ती तासाला किती कंडेन्सेट येते आणि दाबाचा फरक किती, यावरून. मोठा ट्रॅप थोड्या पाण्यासाठी सतत उघडमीट करून लवकर झिजतो. फ्लोट ट्रॅपच्या पाटीवर जास्तीत जास्त दाबाचा फरक लिहिलेला असतो. ४.५ बारचा ट्रॅप १० बारच्या लाइनवर लावला तर गोळ्याला दार उघडण्याइतके बळच मिळत नाही आणि नवाकोरा ट्रॅप बंद राहतो.

तिसरे कारण बसवण्यातली चूक. अंगावरचा बाण प्रवाहाच्या दिशेने असावा. फ्लोटची दांडी वर-खाली हलेल असाच ट्रॅप बसवावा. मुख्य लाइनला प्रवाहाच्या दिशेने उतार असावा. दर ३० ते ५० मीटरला निचऱ्याची जागा असावी आणि तिथे पाणी साचायला पुरेसा रुंद खिसा असावा. मोठ्या लाइनच्या बुडाला अर्ध्या इंचाची नळी जोडली तर वेगाने धावणारे पाणी तिच्यावरून सरळ पुढे निघून जाते.

बकेट ट्रॅप पास होताना आढळला तर लगेच बदलायची घाई करू नये. दाब अचानक पडल्याने त्याच्या पोटातले पाणी उडून गेलेले असू शकते. आधीचा व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद ठेवून पाणी साचू द्यावे आणि मग हळूहळू उघडावा. तो बऱ्याचदा पुन्हा उभा राहतो. कोणताही ट्रॅप खोलण्याआधी मात्र दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून कुलूप लावावे, आतला दाब उतरल्याची खात्री करावी आणि धातू निवू द्यावा. काम झाल्यावर वाफ सोडतानाही व्हॉल्व्ह हळू उघडावा. घाईने उघडलेल्या व्हॉल्व्हने अनेक फ्लोट चेपले गेले आहेत.

बिल्ला, वही आणि फेरी

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने कारखान्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत दोन आकडे आहेत. तीन ते पाच वर्षे देखभाल न झालेल्या ठिकाणी १५ ते ३० टक्के ट्रॅप बिघडलेले असू शकतात. नियमित तपासणीचा कार्यक्रम असेल तिथे गळके ट्रॅप ५ टक्क्यांच्या खाली राहायला हवेत. या दोन आकड्यांमधला फरक नियमितपणाने पडतो, महागड्या यंत्राने नव्हे.

हा नियमितपणा तीन साध्या वस्तूंनी येतो. पहिली वस्तू बिल्ला. प्रत्येक ट्रॅपला क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला तारेने बांधावा. ‘डाय हाउसच्या मागचा, भिंतीकडचा’ असे सांगितलेला ट्रॅप पुढच्या वर्षी सापडत नाही. दुसरी वस्तू वही, कागदाची असो वा संगणकातली. तिच्यात क्रमांक, जागा, काम, जात, आकार, दाब, बसवल्याची तारीख आणि प्रत्येक फेरीचा निकाल असावा. निकाल ठरलेल्या शब्दांत लिहावा : ठीक, थोडा गळतो, पूर्ण पास, चोक, थंड, लाइन बंद. तिसरी वस्तू ठरलेली फेरी. त्याच मार्गदर्शिकेनुसार साधारण १० बारपेक्षा जास्त दाबाचे ट्रॅप दर आठवड्याला ते दर महिन्याला, २ ते १० बारचे दर महिन्याला ते दर तिमाहीला आणि त्याखालचे वर्षातून एकदा तपासावेत. तपासणी वाफ चालू असताना आणि यंत्र कामावर असतानाच करावी. बंद यंत्राचा ट्रॅप काहीच सांगत नाही.

दुरुस्तीचा क्रम गळतीच्या आकारावर ठरवावा. मोठ्या दाबाचे पूर्ण पास झालेले ट्रॅप आणि मुख्य लाइनवरचे चोक ट्रॅप पहिल्यांदा, कारण पहिल्यांत पैसा जातो आणि दुसऱ्यांत जीव धोक्यात येतो. दुरुस्ती झाल्यावर तोच ट्रॅप पुन्हा तपासून वहीत लिहावे. वर्षभराने वही वाचली की कोणती लाइन घाण आणते, कोणत्या जागी ट्रॅप वारंवार जातो हे आपोआप उघड होते. काही मोक्याच्या ट्रॅपवर आता वायरलेस सेन्सर लावता येतात. ते आवाज आणि तापमान सतत कळवत राहतात. ज्या जागी माणूस पोहोचत नाही तिथे ते जरूर लावावेत, पण वहीशिवाय लावलेला सेन्सर नुसते इशारे देतो, ते ऐकून काम करणारे कोणी नसते.

हे काम कोणाला द्यावे? पाळीतल्या मोकळ्या माणसाला नाही. वाफ समजणारा एक फिटर किंवा आयटीआय झालेला तरुण निवडावा, त्याला तिन्ही जाती खोलून दाखवाव्यात आणि ट्रॅपची वही त्याच्या नावावर करावी. दर महिन्याला त्याने वाचवलेली वाफ किलोत आणि रुपयांत मोजून ती उत्पादनाच्या आकड्यांशेजारी फलकावर लिहावी. बॉयलरची कार्यक्षमता एका टक्क्याने वाढवायला मोठा खर्च येतो. गळक्या ट्रॅपमधून जाणारी वाफ थांबवायला फिटरचा वेळ, काही सुटे भाग आणि मालकाची इच्छा एवढेच लागते.

तुमच्या कारखान्यात ही वही नसेल तर येत्या सोमवारी बॉयलर हाउसच्या हेडरपासून सुरुवात करा. सर्वांत जास्त दाबाची लाइन धरा, तिच्यावरचे ट्रॅप मोजा, त्यांना बिल्ले बांधा आणि उघडे बायपास बंद करा. बंद केल्यावर यंत्र तुंबले तर तिथला ट्रॅप बदलायचा आहे, हे पहिल्याच दिवशी कळेल.